कुंडीच्या पोटातले पाणी

सोलापुरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरात गेल्या भाद्रपदात टोमॅटोच्या चार कुंड्यांवरून पंधरा दिवस वाद चालला होता. टोमॅटो खावा की खाऊ नये, असा तो वाद नव्हता. बहुबीज म्हणून टोमॅटो वर्ज्य मानणारी घरे समाजात आहेत आणि त्यांची मर्यादा त्यांच्यापाशी. या घरात अष्टमी-चतुर्दशी वगळता तो पूर्वापार खाल्ला जातो. वादाचे कारण होते ते कुंडीच्या पोटात साठून राहणारे पाणी.

या गोष्टीची सुरुवात त्याच्या आदल्या वर्षी झाली. महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने गच्चीवर टोमॅटोची रोपे लावली होती. फळे धरण्याच्या सुमारास घरातील मंडळी दोन दिवस कुंथलगिरीच्या दर्शनाला गेली आणि परत येऊन पाहतात तो रोपे माना टाकून पडलेली. सोलापूरचे ऊन आणि रोज न येणारे नळाचे पाणी, यांचा मेळ लहान कुंडीला झेपत नाही. पुढच्या खेपेला नातवाने स्वयंसिंचन कुंडीची माहिती मिळवली आणि मर्यादित उंचीच्या जातींचे बी मागवले.

या कुंडीचे तत्त्व नवे नाही. समईच्या तळाशी तेल असते आणि वात ते ज्योतीपर्यंत चढवते. पंपाची गरज पडत नाही. स्वयंसिंचन कुंडीतही खाली पाण्याचा कप्पा, वर मातीचे मिश्रण आणि दोहोंना जोडणारी वात असते. माती जसजशी सुकते तसतसे केशाकर्षणाने पाणी वर चढते. माती ओली असेपर्यंत चढण्याचा वेग आपोआप मंदावतो. माणूस घाईच्या दिवशी अर्धा तांब्या आणि सवडीच्या दिवशी बादलीभर पाणी घालतो. वातीला अशी लहर नसते. फ्लोरिडातील ब्लेक व्हिसेनंट या टोमॅटो उत्पादकाने 1990 च्या दशकात ‘अर्थबॉक्स’ नावाची पेटी याच तत्त्वावर बाजारात आणली. ती पेटी मोठी असते. चार फूट रुंदीच्या गॅलरीत तिचा संसार मांडणे अवघड.

म्हणूनच रोपाची निवड महत्त्वाची ठरते, आणि येथेच बहुतेक हौशी मंडळी फसतात. पाकिटावर ‘चेरी’ हा शब्द वाचून रोपही लहान असेल असा समज होतो. प्रत्यक्षात फळ लहान असणाऱ्या कित्येक जातींचे वेल पुरुषभर उंच जातात. पाकिटावर पाहायची ती रोपाची उंची. टोमॅटोच्या झाडाची वाढ ठरावीक टप्प्यावर थांबवणारा आनुवंशिक बदल 1914 साली फ्लोरिडात आपोआप आढळला, आणि पुढच्या अनेक झुडपी जाती त्यातूनच निघाल्या. ‘टायनी टिम’ ही न्यू हॅम्पशायर विद्यापीठाची जात दीड फुटाच्या आत राहते. ‘रेड रॉबिन’ फूटभर वाढते. सर्वांत बुटकी ‘मायक्रो-टॉम’, जे. डब्ल्यू. स्कॉट आणि बी. के. हार्बॉ या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी ती 1989 साली शोभेचे रोप म्हणून प्रसृत केली. तिची उंची जेमतेम वीतभर. जागा थोडी व्यापते आणि पिढी लवकर पुरी होते, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी तिला संशोधनासाठी उचलले. चवीच्या बाबतीत मात्र तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. साल जाड, गर थोडा. खाण्यासाठी ‘रेड रॉबिन’ किंवा ‘टायनी टिम’ अधिक बऱ्या.

नातवाने पाच लिटरच्या गोडेतेलाच्या रिकाम्या कॅन मधोमध कापल्या, वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवला, तोंडातून वात खाली सोडली आणि खाली दीड लिटर पाणी भरले. ‘आठवडाभर बघायला नको,’ असे तो कौतुकाने सांगत असतानाच आजी गच्चीवर आल्या.

‘हे पाणी गाळलेले आहे का?’ त्यांनी विचारले.

‘आहे, आजी. तुमच्याच गाळण्याने गाळले.’

‘मग दोन घटकांनी त्याचे काय होते?’

गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटकांची, म्हणजे 48 मिनिटांची, हे त्या घरातील लहान मुलालाही ठाऊक होते. नातू गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पण ते झाकलेले आहे. आणि प्यायचे थोडेच आहे?’

‘झाकले म्हणून जीव उपजत नाहीत का रे? आणि आपण पीत नाही म्हणून त्यांचे पाप कुठे जाते?’

आजींचा आक्षेप केवळ रूढीचा म्हणून बाजूला सारता येण्यासारखा नाही. डेंग्यूचा फैलाव करणारा एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा आग्रह धरला जातो, त्याचे कारण हेच. उघड्या कप्प्याची कुंडी म्हणजे डासांची पैदास, आणि मग फवारणी. आधी जीव उपजू द्यायचे आणि नंतर मारायचे, ही दुहेरी हिंसा. शिवाय पारदर्शक कॅनमध्ये ऊन शिरले की आठ-दहा दिवसांत आतून हिरवे शेवाळ धरते. शेवाळ अनंतकाय, ज्या घरात पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाऊल टाकतानाही विचार होतो, तेथे ते मुद्दाम कुंडीत वाढवणे कोणालाच पटणारे नव्हते.

सूनबाईंनी तोडगा सुचवला: उकळून गार केलेले पाणी घालावे, म्हणजे त्याची मर्यादा 24 तासांची. यावर आजींना हसू आले. ‘झाडासाठी रोज गॅस जाळायचा? मग अग्निकायाचे काय करशील?’ तेथेच तो विषय संपला.

अखेर निघालेला मार्ग असा. पाण्याचा कप्पा दीड लिटरवरून अर्ध्या लिटरवर आणला. बुटके रोप ऐन फळाच्या दिवसांतही साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी पिते, म्हणजे कप्पा एक-दोन दिवसांत कोरडा होतो आणि कोरडा झाल्यावरच पुन्हा भरायचा. कॅनला बाहेरून जाड काळे कापड शिवले, त्यामुळे आत उजेड शिरणे बंद झाले. दोन भागांमधील फट कापडी पट्टीने बुजवली. भरण्याच्या नळीला घट्ट झाकण आणि जास्तीचे पाणी बाहेर जाण्याच्या छिद्राला बारीक जाळी. दोन घटकांचा नियम यातही पुरता पाळला जात नाही, हे आजींनी स्पष्टच सांगितले. परंतु डास उपजण्याइतका अवधी पाण्याला मिळत नाही आणि शेवाळही धरत नाही. ‘यतना आहे, पूर्णता नाही,’ असे म्हणून त्यांनी अनुमती दिली. यात आठवडाभर बेफिकीर राहण्याची सोय अर्थातच गेली. स्वयंसिंचन कुंडीचा जाहिरातीतला मोठा गुण तोच असतो. उरला तो दुसरा गुण, मातीत एकसारखी ओल राहण्याचा. आणि टोमॅटोच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

कारण फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडण्याचा जो दोष नेहमी आढळतो, तो रोग नव्हे. फळाला चुन्याचे तत्त्व, म्हणजे कॅल्शियम, पुरेसे पोहोचत नाही म्हणून तो पडतो. पुष्कळदा मातीत कॅल्शियम असतेही. पण ते पाण्याबरोबर वाहून येते, आणि पाणी कधी फार, कधी मुळीच नाही, असे झाले की पुरवठा तुटतो. बागकामाची पुस्तके यावर अंड्याच्या टरफलांचा चुरा सुचवतात. आपल्या घरांत तो प्रश्नच उद्भवत नाही. चिमूटभर जिप्सम तेच काम करते.

खताच्या बाबतीत त्याहून अधिक सावध राहावे लागते. रोपवाटिकेत मिळणाऱ्या तयार मिश्रणात हाडांची पूड, म्हणजे बोनमील, अनेकदा असते आणि पिशवीवर ते ठळकपणे लिहिलेले असतेच असे नाही. विचारून घ्यावे. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेटची पूड हा निर्दोष पर्याय आहे. या घरात पूर्ण कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत, धुतलेले कोकोपीट, परलाइट आणि थोडी निंबोळी पेंड एवढेच वापरले. गांडूळखत घेतले नाही. ते चालणारी घरेही आहेत. सोलापूरची काळी माती मात्र कोणीही अशा कुंडीत भरू नये. ती पाणी धरून चिकट होते, हवा कोंडते आणि मुळे कुजतात.

बी भाद्रपदाच्या अखेरीस पेरले. वेळ चांगली साधली. थंडी सुरू होता होता फुले येतात. उन्हाळ्यात रात्री उष्ण राहिल्या की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. फळे पिकायला लागली तोवर चातुर्मासही आटोपला होता.

दरम्यान दोन घोटाळे झाले. सुती वात तिसऱ्या आठवड्यात कुजली आणि एका दिवसात रोपे मलूल झाली. दुकानात तुकड्यांचा ढीग पडलेला असताना हे व्हावे, याचे आजोबांना फार वाईट वाटले. त्यांनी पॉलिएस्टरच्या जाडसर, फुगीर कापडाच्या पट्ट्या काढून दिल्या. त्या हंगामभर टिकल्या. दुसरे, बोअरच्या जड पाण्याने मातीच्या पृष्ठभागावर पांढरा थर जमू लागला. पाणी खालून वर चढते, हवेत उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून ते पूर्ण निथळू दिले की हा थर धुऊन जातो.

कीड हा सर्वांत अवघड भाग. पांढरी माशी पाने वळवणारा विषाणू आणते, आणि पिवळे चिकट फलक लावून तिला मारण्याला या घराची तयारी नव्हती. रोपे बुटकी असण्याचा खरा लाभ येथे झाला. चारही कुंड्यांवर बारीक जाळीची एकच मच्छरदाणी, तीही पहिल्या दिवसापासून, कीड आल्यानंतर नव्हे. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे मधमाशी आत आली नाही तरी अडत नाही; सकाळी फुलांच्या देठावर बोटाने हलकेच टिचकी मारली की पुरते.

जमाखर्च मांडायचा तर तो तोट्याचाच निघेल. कोकोपीट, जाळी आणि बियाणे यांच्या खर्चात बाजारातून टोमॅटोच्या टोपल्या आल्या असत्या. 2023 च्या जुलैत किलोला शंभराच्या वर भाव गेला तेव्हाही चार बुटक्या रोपांनी कोणाचे घर चालले नसते. एकेका रोपाला मिळतात त्या काही मुठी फळे. हा उद्योग बचतीसाठी करू नये. कशात काय मिसळले आणि काय मारले, याचा पुरता हिशेब ज्याचा आपल्याला ठाऊक आहे असे एक फळ पानात पडावे, एवढ्यासाठी करायचा असेल तर करावा.

मार्गशीर्षात मंडळी पुन्हा कुंथलगिरीला निघाली. कप्पा भरून ठेवावा, असा नातवाचा आग्रह होता. आजींनी तो मानला नाही. कप्पे रिकामे करून उलटे ठेवले, रोपांना वरून पाणी दिले आणि कुंड्या जिन्याच्या सावलीत नेल्या. तिसऱ्या दिवशी परतल्यावर तीन रोपे टवटवीत होती. चौथे, कठड्यापाशी नजरचुकीने राहिलेले, वाळले होते. त्यावर सहा पिकली फळे होती. आजींनी ती काढली, एकेक चिरून उजेडात आतून पाहिली आणि संध्याकाळच्या आमटीत घातली. सूर्यास्ताला अजून अर्धा तास होता.