वरकस जमिनीचे मोल

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वन्यजीवनाचा विषय निघाला की विचार बहुधा दोन नावांपाशी थांबतो. १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य, ज्याचा काही भाग कर्जतच्या बाजूस उतरतो, आणि २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविले गेलेले माथेरान. ही संरक्षणे आवश्यकच होती. शेकरूला झाडांचे शेंडे एकमेकांस भिडलेले रान लागते. ते तुटले की त्याचा निभाव लागत नाही. परंतु घनदाट अरण्य तेवढाच निसर्ग आणि बाकी सारे ओसाड, हा समज शाळेपासून कचेरीपर्यंत रुजला आहे. त्याची किंमत डोंगरपायथा मोजीत आहे.

महसुली दप्तरातील 'वरकस' जमीनच घ्या. भाताला नालायक म्हणून ती वरकस. नाचणी, वरी, गवत आणि राब एवढाच तिचा उपयोग मानला गेला. पण टिटवी आणि चंडोल अंडी घालतात ती अशाच उघड्या जमिनीवर. दाट झाडीत त्यांना थारा नाही. अशा माळावर उत्साहाने वृक्षारोपण करणारी मंडळी एकाचे घर बांधताना दुसऱ्याचे मोडीत असतात, हे त्यांना सांगायचे कोणी?

वरकसाच्या खाली ओढे आणि भातखाचरे. पहिल्या पावसात चढणीचे मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून खाचरांत अंडी घालण्यास चढतात. त्यांच्यामागे बगळे, ढोकऱ्या आणि माणसेही येतात. ओढ्यात भिंत उभी राहिली की ही वाट संपली. काजव्यांचेही तसेच. त्यांच्या अळ्या ओलसर पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, आणि काजवा आपल्या प्रकाशाने जोडीदार शोधतो. फार्महाऊसच्या आवारात पाचोळा राहत नाही आणि दिवे रात्रभर विझत नाहीत.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबईकरांना हा मुलूख अधिकच जवळचा झाला. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वरकसाने त्याचे पोट कधी भरले नव्हते. मात्र बिनशेती परवानगी देताना ओढ्याचा काठ मोकळा राहील आणि कुंपणाखालून सशा-साळिंदरास वाट मिळेल, एवढी अट घालणे शासनाला जड नाही.

२००२ च्याच जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वृद्धांना जे तोंडपाठ आहे, ते गावच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी तीत उतरवून घ्यावे. आणि बिनशेतीचा अर्ज निकालात काढताना ती वही मेजावर उघडी असावी.