स्वस्त गिटार आणि रंगमंच

वाचकहो, गणेशोत्सवाच्या मंडपात, दुर्गापूजेच्या कार्यक्रमात किंवा महाविद्यालयाच्या संमेलनात आपल्या घरातील मुलगा वा मुलगी प्रथमच विद्युत् गिटार घेऊन उभी राहणार असली, की घरात एक प्रश्न हटकून निघतो. ही स्वस्तातली गिटार लोकांसमोर चालेल काय? की कर्ज काढून भारी गिटार घ्यावी? आमचे सांगणे असे की, आधी हातातल्या वाद्याचेच दोष दूर करून पाहावे.

स्वस्त गिटारीत उणीव असते ती बहुधा लाकडाची नव्हे, तर शेवटचा हात फिरविण्याची. १९५४ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांच्या कारखान्याने 'स्ट्रॅटोकास्टर' बाजारात आणली. तिची दांडी खोक्याला चार स्क्रूंनी जोडलेली असते, त्यामुळे प्रत्येक भाग सुटा करून बदलता येतो. आजच्या बहुतेक स्वस्त गिटारी याच घडणीच्या आहेत. एडी व्हॅन हेलन या वादकाने तर सुमारे ५० डॉलरचे दुय्यम प्रतीचे खोके व ८० डॉलरची दांडी जोडून आपली गिटार घरीच सिद्ध केली आणि १९७८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने तो जगभर गाजला.

पहिले काम सुराचे. नव्या तारा चढवाव्यात. सतारीत तारगहन जे काम करते, तेच गिटारीत 'नट' करतो. त्याच्या खाचा अरुंद असल्या तर तार अडकते आणि ओढून सोडल्यावर सुरात परत येत नाही. पेन्सिलीचे शिसे खाचेत घासले तरी पुष्कळ फरक पडतो. न पडल्यास हाडाचा नट कारागिराकडून बसवून घ्यावा. नंतर पहिला व शेवटचा पडदा दाबून मधल्या भागात तार व पडदा यांत किती फट राहते ते पाहावे. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. कमीजास्त असल्यास दांडीच्या पोटातील पोलादी सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. शेवटी बारावा पडदा दाबून निघणारा स्वर मोकळ्या तारेच्या नेमका वरच्या सप्तकातला आहे ना, हे ताडून पाहावे. तो चढा लागला तर घोडीवरचा त्या तारेचा आधार मागे सरकवावा, उतरा लागला तर पुढे घ्यावा.

दुसरे काम गुणगुणीचे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेचे कंपन ते टिपतात, तशीच आपल्या घरगुती विजेची ५० आवर्तनांची गुणगुणही टिपतात. १९५५ साली सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत दोन उलट वेढ्यांचा पिकअप तयार केला. त्यात ही गुणगुण परस्पर खोडली जाते. असा पिकअप बसविणे परवडत नसेल, तर खोक्यातील पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढवावी व ती पट्टी अर्थिंगच्या तारेशी डाखून जोडावी. याने विद्युत् दिव्यांची खरखर बरीच कमी होते. चुंबकीय गुणगुण मात्र थोडी उरते.

तिसरे काम लहान, पण कार्यक्रम बुडविणारे. वायर खोचण्याचा जॅक सैल झाला असेल, तर ऐन गाण्यात आवाज तुटतो. त्याची चकती घट्ट करताना आतील तारा पिळल्या जाऊ नयेत. पट्टा अडकविण्याच्या बटणांचे स्क्रू लांब घालावेत आणि पट्टा निसटू नये म्हणून त्यावर रबरी चकती चढवावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तिच्यावाचून वरील सारी मेहनत व्यर्थ आहे. गिटारीच्या तारा ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. ते अर्थिंग खंडित असले आणि यंत्रात बिघाड झाला, तर त्याच तारांत वीज उतरू शकते. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्सी येथे लेस हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने रंगमंचावरच मरण पावला. त्याचे वय अवघे सत्तावीस होते. आपल्याकडे तर मंडपातील वीज पुष्कळदा तात्पुरती ओढलेली असते आणि पायाखाली ओलही असते. म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढून टाकू नये. गिटारीचा ध्वनिवर्धक व मायक्रोफोनची यंत्रणा एकाच, अर्थिंग तपासलेल्या ठिकाणाहून चालवावी. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे उपकरण जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावे. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या, तर कार्यक्रम थांबविण्यात संकोच मानू नये.

वाचकहो, आपला मुलगा संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर व डाखणी घेऊन गिटार उघडून बसला, तर अभ्यास सोडून खेळ मांडला म्हणून त्याला रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि हातात दिवा धरा. मात्र कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात थोडे आधी जा व अर्थिंग पाहिले का, हे आपण स्वतः विचारा. भारी वाद्य आज ना उद्या घेता येईल. हे विचारणे मात्र त्याच दिवशी झाले पाहिजे.