रडार गन खाली ठेवा, मुलाचे पाय बघा

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी पत्रक

आईबाबांनो,

गणपती येतात त्याच सुमारास इथे फॉल बॉल सुरू होतो. वसंतात लीगचा सीझन, मग निवडलेल्या मुलांचे ऑल-स्टार सामने, जोडीला ट्रॅव्हल टीमच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धा. हे आटोपतं न आटोपतं तोच पुन्हा नावनोंदणीची ईमेल. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडात थंडीचीही सबब चालत नाही. जिथे बर्फ पडतो तिथे इनडोअर सराव आहे, तासावर पैसे घेणारे पिचिंग कोच आहेत. अकरा वर्षांचा मुलगा बारा महिने त्याच हाताने तोच चेंडू फेकत राहतो आणि आपण चारचौघांत कौतुकाने सांगतो, पोरगा मेहनती आहे हो! या मेहनतीत त्याचा सांधा झिजतो आहे आणि त्या झिजेची फी आपण भरतो आहोत. हे पत्रक त्याविरुद्ध आहे.

आपण बहुतेक जण क्रिकेटवर वाढलो. वेगवान गोलंदाजाची पाठ जाते, हे आपल्याला ठाऊक असतं. कोपर जातं हे मात्र कानावर आलेलं नसतं, कारण क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ करायला बंदी आहे. बेसबॉलमध्ये कोपर काटकोनाच्या आसपास वाकलेलं असतं, मनगटाकडचा हात पाठीमागे झुकतो आणि पुढच्याच क्षणी खांदा इतक्या जोरात आत फिरतो की माणसाच्या शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींत त्याची गणना होते. या हिसक्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. मोठ्या माणसात तो अस्थिबंधावर पडतो. मुलाच्या कोपरात तिथलं हाड अजून पुरतं जुळलेलंच नसतं. मध्ये वाढीची कूर्चा असते. अस्थिबंधाच्या आधी तीच दुखावते, रुंदावते, कधी हाडाचा तुकडाच ओढून सुटा होतो. ‘लिटल लीग एल्बो’ हे नाव वैद्यकीय लिखाणात १९६० सालापासून आहे. म्हणजे हा नवा शोध नाही, लपलेली गोष्टही नाही.

आणखी एक गोष्ट बघा. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतची मुलं ४६ फुटांवरून पिच करतात. पुढे दोनतीन वर्षांत, काही ठिकाणी मधला टप्पा घेऊन, मोठ्यांच्या ६० फूट ६ इंचांवर जातात. अंतर जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतं, चेंडू मात्र तोच पाच औंसांचा. आणि नेमक्या याच वयात मुलगा ताडमाड वाढत असतो. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. काल जमणारा तोल आज जमत नाही. बूट दर सहा महिन्यांनी बदलावे लागतात त्या वर्षी मुलाला थोडं सैल सोडायला हवं. आपण नेमकं तेव्हाच ट्रॅव्हल टीमच्या निवड चाचणीला नेतो.

यावर नियम आहेत, हे मान्य. लिटल लीगने २००७ साली इनिंगऐवजी पिच मोजायला सुरुवात केली. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शिका काढली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच. ६६ किंवा त्याहून जास्त झाल्या तर चार दिवस विश्रांती. वर्षातून चार महिने फेकणं बंद, त्यातले दोनतीन सलग. चांगले नियम आहेत, आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण आकडा लीगच्या वहीत एक असतो, ट्रॅव्हल टीमच्या ॲपमध्ये दुसरा. दोन्हींची बेरीज कोण करतो? वॉर्म-अपच्या पिच, खाजगी शिकवणीतल्या पिच कुठल्याच वहीत नसतात. पिचिंग संपवून त्याच मुलाला थोड्या वेळाने कॅचर म्हणून बसवणारे कोच आहेत, आणि कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. चार महिन्यांची सुट्टी तर आमच्या ओळखीत क्वचितच कुणी पाळतं.

आणि समजा, मोजणी चोख झाली, तरी ती अर्धीच गोष्ट. पन्नास पिच कशा फेकल्या, हे आकडा सांगत नाही.

चांगल्या पिचचा वेग पायातून उभा राहतो. मागचा पाय जमीन रेटतो, खुबा आधी बॅटरकडे वळतो, त्याच्या मागून छाती, सगळ्यात शेवटी खांदा, कोपर, मनगट. पुढचा पाय होम प्लेटच्या दिशेने पडायला हवा आणि तो टेकतो तेव्हा फेकणारा हात वर येऊन तयार हवा. हा क्रम ज्या मुलांना साधतो त्यांच्या कोपरावर आणि खांद्यावर कमी ताण येतो, हे प्रयोगशाळेत कॅमेरे लावून मोजलेलं आहे. खुबा ताठर असेल, पाठीचा वरचा भाग फिरत नसेल, एका पायावर तोल राहत नसेल, तर कमी पडलेला जोर कोपर भरून काढतं. मुलगा तक्रार करत नाही. त्याला तर फक्त चेंडू प्लेटपर्यंत पोचवायचा असतो.

पुढच्या शनिवारी चौथ्या इनिंगमध्ये स्कोअरबोर्डकडे पाठ करा आणि पिचरकडे बघा. पहिल्या इनिंगमध्ये पुढचा गुडघा पाय टेकल्यावर स्थिर होता. आता तो आत कलंडतो आहे. पाय प्लेटच्या रेषेत न पडता आडवा पडतो आहे. छाती हाताच्या आधीच उघडते, कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरतं, चेंडू उंच जायला लागतात. दोन पिचच्या मध्ये तो हात झटकतो, खांदा गोल फिरवतो, टोपी उगाच सारखी करतो. बाहेरून कुणीतरी ओरडतं, ‘थ्रो स्ट्राइक्स!’ त्या मुलाचा हात थकलेला आहे आणि हे त्याचं शरीर सगळ्यांदेखत सांगतं आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ साली शस्त्रक्रिया झालेले तरुण पिचर आणि दुखापत न झालेले पिचर यांची तुलना केली. हात थकलेला असताना नेहमी फेकणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांत पाचपट. कर्व्हबॉल शिकवावा की नाही यावर घराघरांत वाद चालतात. थकव्यावर कुणी बोलत नाही.

मग काय करायचं? यंत्र नको, महागडी अकादमी नको. मुलाला अनवाणी एका पायावर उभं करा आणि हळू खाली वाकायला सांगा. गुडघा आत कोसळतो का बघा. खुर्चीवर बसवून खांद्यांवर बॅट आडवी धरायला लावा आणि दोन्हीकडे वळायला सांगा. एका बाजूला कमी वळतो का बघा. उताणं झोपवून दोन्ही खुबे आत-बाहेर फिरवा, फरक जाणवतो. निदान करणं डॉक्टरचं आणि फिजिओथेरपिस्टचं काम, पण कुठे बघायचं हे आईबाबांना कळायला हवं. जपानमध्ये योकोहामाच्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या खेळाडूंसाठी नऊ व्यायामांचा वॉर्म-अप बांधला. त्यात खांदा, खुबा आणि पाठ मोकळी करायची, तोल सांभाळायचा, आणखी काही नाही. तो करणाऱ्या संघांत खांद्याच्या आणि कोपराच्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. चेंडूचा वेगही वाढला. वेगाच्या मागे लागलेल्या बापांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

कारण आपल्या मैदानांवर खरा देव रडार गन आहे. दहा वर्षांच्या मुलाचा वेग मोजून व्हिडिओ टाकला जातो, शोकेसला पैसे भरले जातात, मैलाच्या एकेका आकड्यासाठी जड चेंडू हातात दिले जातात. मेजर लीगने स्वतः डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पिचरांच्या वाढत्या दुखापतींमागे वेगाचा हव्यास आणि प्रत्येक पिच पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय ही कारणं दिली आहेत, आणि ती सवय हौशी पातळीपासूनच लागते असंही म्हटलं आहे. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डॉजर्सच्या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला, तेव्हा तो ३१ वर्षांचा व्यावसायिक खेळाडू होता. आज त्याच्याच नावाने ओळखली जाणारी ती शस्त्रक्रिया कुणावर होते? २००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त रुग्ण १५ ते १९ वयाचे निघाले. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर किंवा जास्त काळ पिचिंग नाही. आणि त्या शस्त्रक्रियेने वेग वाढतो असं मानणारे लोक अजून भेटतात! सुधारतो तो मधल्या महिन्यांत केलेल्या व्यायामाने. तो व्यायाम कापाकापीच्या आधी करायला कुणाची बंदी आहे?

‘कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल,’ असं आम्हाला ऐकवलं जातं. सोळाव्या वर्षी हाताला पट्टा बांधून बसलेल्या मुलाला कुठलं कॉलेज निवडतं? ‘कोचला वाईट वाटेल,’ हेही ऐकतो. वाटू द्या. ‘आम्ही नाही का दुखत असताना खेळलो?’ असं म्हणणाऱ्या बाबांना एकच विनंती: सामना संपल्यावर मुलाला ‘किती स्ट्राइकआउट?’ याच्या आधी ‘कोपर आतून दुखतंय का?’ विचारा. आणि तो हो म्हणाला तर बर्फ लावून दुसऱ्या दिवशी मैदानावर नेऊ नका, डॉक्टरकडे न्या.

या फॉलची नोंदणी करण्याआधी लीगला आणि ट्रॅव्हल टीमला लेखी विचारा. सीझनआधी प्रत्येक पिचरची हालचाल कोण तपासणार? दोन्ही संघांच्या पिचची एकच वही कोण ठेवणार? चौदा वर्षांखालच्या सरावात रडार गन बंद ठेवणार का? थकवा दिसला की आकडा पुरा होण्याआधी मुलाला काढायचा अधिकार कुणाला? चार महिन्यांची सुट्टी घेणाऱ्या मुलाची जागा राखणार का? आपल्याच मंडळातली पाचसहा कुटुंबं एकत्र येऊन विचारतील तर उत्तर द्यावंच लागेल, कारण या संघांचा खर्च आपल्याच फीवर चालतो. उत्तर येईपर्यंत चेक देऊ नका.

— बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचे काही आईबाबा, ज्यांत फिजिओथेरपिस्टही आहेत