नाकारलेले पंतप्रधानपद

सत्तेसाठी आयुष्य वेचणारे राजकारणी कोणत्याही देशात पैशाला पासरी मिळतात. सत्ता आपण होऊन दारी आली असता तिला नमस्कार करून परत पाठविणारा मात्र विरळा. नेपाळचे गणेशमान सिंह हे अशा विरळा पुरुषांपैकी एक होत. १९९७ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. परंतु २०२५ च्या सप्टेंबरात त्यांच्या देशावर जो प्रसंग गुदरला, तो पाहता त्यांच्या चरित्राचे पुन्हा चिंतन करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९१५ साली काठमांडूतील एका संपन्न नेवार घराण्यात ते जन्मले. आजोबा राणांच्या दरबारात उच्चपदस्थ होते. त्या छत्राखाली सुखाने नांदणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी राणांच्या एकतंत्री राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रजा परिषदेची वाट धरली. १९४० साली धरपकड झाली. १९४१ च्या जानेवारीत शुक्रराज शास्त्री, धर्मभक्त माथेमा, दशरथ चंद आणि गंगालाल श्रेष्ठ या चौघांना देहान्त शासन झाले. गणेशमानांच्या वाट्याला जन्मठेप आली. १९४४ मध्ये तुरुंगातून निसटून ते भारतात आले. पुढे १९५१ च्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. १९५९ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या, तेव्हा विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांच्या मंत्रिमंडळातही त्यांना स्थान मिळाले. परंतु १५ डिसेंबर १९६० रोजी राजा महेंद्रांनी ते लोकनियुक्त सरकार बरखास्त केले, आणि कोइरालांसह गणेशमानांची सुमारे आठ वर्षे सुंदरीजलच्या बंदिवासात गेली. दीड वर्षाचे मंत्रिपद आणि आठ वर्षांचा कारावास, असा हा जमाखर्च!

१९९० च्या फेब्रुवारीत पंचायत राजवटीविरुद्ध जनआंदोलन उसळले. काँग्रेस आणि डावे पक्ष प्रथमच खांद्याला खांदा लावून लढले, आणि दोघांनीही नेतृत्व मानले ते गणेशमानांचे. एप्रिलात राजा बीरेंद्रांनी पक्षांवरील बंदी उठविली आणि गणेशमानांना पंतप्रधानपद देऊ केले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या वृद्ध सेनानीने ते नाकारले व कृष्णप्रसाद भट्टराई यांचे नाव सुचविले.

येथेच थांबलो, तर हा निव्वळ स्तुतिपाठ ठरेल. गणेशमानांचा त्याग थोर खरा. पण त्या त्यागाची पुढे रीत पडली नाही. १९९१ च्या निवडणुकीत काँग्रेसला २०५ पैकी ११० जागा मिळाल्या. तरीही १९९४ मध्ये पक्षाच्याच खासदारांनी पाठ फिरविल्यामुळे गिरिजाप्रसाद कोइरालांचे सरकार कोलमडले. गणेशमानांनी स्वपक्षावर जाहीर कोरडे ओढले आणि अखेर ते पक्षापासून दूर झाले. वडीलधाऱ्याचा मान राहिला, शब्द मात्र कोणी राखला नाही. त्यांनी पद स्वीकारले असते, तर हे टळले असते, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. एका सत्पुरुषाने खुर्चीवर बसणे वा न बसणे यावर ज्या पक्षाची नीती अवलंबून असते, त्या पक्षाला नीती नसतेच.

पुढला इतिहास याची साक्ष देतो. १९९० नंतर नेपाळच्या एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पुरी केली नाही. २०१५ च्या ऑक्टोबरपासून दहा वर्षे ते पद खड्गप्रसाद ओली, पुष्पकमल दहाल आणि शेरबहादूर देउबा या तिघांतच संगीतखुर्चीसारखे फिरत राहिले. शेवटी ८ सप्टेंबर २०२५ रोजी तरुण पिढी रस्त्यावर उतरली. त्या एका दिवसात १९ जणांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवशी ओलींनी राजीनामा दिला आणि संसद भवन आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ज्या संसदेसाठी गणेशमानांनी तारुण्य तुरुंगात घालविले, तिची ही गती व्हावी, याहून दैवदुर्विलास कोणता?

जाळपोळीचे समर्थन आम्ही कधीही करणार नाही. परंतु जे पद आपल्या पायांनी सोडून देता येते, ते रक्त सांडेपर्यंत धरून बसणाऱ्यांना तरुणांना उपदेश करण्याचा अधिकार उरत नाही. गणेशमानांचे पुतळे उभारून त्यांचे ऋण फिटणार नाही. त्यांनी स्वेच्छेने जे केले, ते पक्षांच्या घटनांत नियम म्हणून लिहा: मुदत संपली की खुर्ची रिकामी! सत्ता सोडण्यासाठी जेथे महात्माच जन्मावा लागतो, तेथे लोकशाही अजून रुजलेली नाही, असेच समजावे.