चौघांची फर्म, पण सही कोणाची?

बी.ई.ला पोचलेला प्रत्येक ग्रुप एकदा तरी स्वतःची कन्सल्टन्सी काढतो. जर्नलच्या मागच्या पानावर का होईना! नाव ठरतं, लोगो ठरतो, व्हिजिटिंग कार्डावर कोणाचं नाव वर यावरून थोडी मारामारी होते. मग कोणीतरी म्हणतं, "प्रायव्हेट लिमिटेडच करू यार, डायरेक्टर म्हणून मिरवता येतं." बाकीचे माना डोलावतात. मित्रांनो, माझं भांडण या माना डोलावण्याशी आहे.

कन्सल्टन्सीत आपण विकतो काय? मशीन नाही, माल नाही. एका इंजिनिअरने हिशोब केला, ड्रॉइंगवर सही केली, ती सही विकायची. उद्या स्लॅबला तडा गेला तर लोक त्या सहीवरच बोट ठेवणार. म्हणून मला दोनच प्रश्न खरे वाटतात. एकाने चूक केली तर बाकीच्यांनी किती भरायचं? आणि एक जण सोडून गेला तर काय घेऊन जाणार? (एकटेच असाल तर दोन्ही प्रश्न उरत नाहीत. प्रोप्रायटरशिप करा, चूकही तुमची, भरपाईही तुमचीच.)

साधी पार्टनरशिप कशी असते ते आपल्याला प्रोजेक्ट ग्रुपवरून कळतं. एकाने रिडिंग्ज सीनियरच्या रिपोर्टमधून छापली आणि एक्स्टर्नलने व्हायवात पकडलं, तर चौघंही गोत्यात. "सर, तो चॅप्टर माझा नव्हता" हे कोणी ऐकून घेत नाही. १९३२ चा भागीदारी कायदा असाच आहे. फर्मच्या देण्याला प्रत्येक पार्टनर सगळ्यांबरोबर आणि एकटाही जबाबदार. म्हणजे वसुली करणारा तुमच्या एकट्याच्या दारातही येऊ शकतो. याला 'अमर्याद दायित्व' म्हणतात. (मी कॉन्व्हेंटवाली, हा शब्द बाबांना विचारून घेतला. अर्थ कळल्यावर जास्त घाबरले!) फर्म रजिस्टर केली नाही तरी चालते, पण मग पैसे बुडवणाऱ्या क्लायंटवर कराराच्या जोरावर दावा लावता येत नाही.

आता मोठ्यांचं बघा. आर्थर अँडरसन ही १९१३ साली शिकागोत सुरू झालेली अकाउंटिंग फर्म. ऑडिटच्या जोडीला कन्सल्टिंगचा धंदा इतका वाढला की १९८९ मध्ये दोन चुली झाल्या. ऑडिटवाले आर्थर अँडरसन आणि कन्सल्टिंगवाले अँडरसन कन्सल्टिंग. अट अशी, की ज्याला जास्त फायदा होईल त्याने फायद्यातले १५ टक्क्यांपर्यंत दुसऱ्याला द्यायचे. ऐकायला किती छान, अगदी एकत्र कुटुंब! पण कमावणारा भाऊ दर वर्षी तोच निघाला. वर ऑडिटवाल्यांनी स्वतःचंही कन्सल्टिंग सुरू केलं. १९९७ मध्ये प्रकरण लवादाकडे गेलं, २००० मध्ये निकाल लागला. कन्सल्टिंगवाले मोकळे, पण 'अँडरसन' हे नाव सोडायचं. १ जानेवारी २००१ पासून ते ॲक्सेंचर झाले. पुढच्याच वर्षी एन्रॉनची (हो, आपल्या दाभोळवालीच) कागदपत्रं नष्ट केल्याच्या खटल्यात आर्थर अँडरसन दोषी ठरली आणि सुमारे ८५ हजार माणसांची फर्म बघता बघता विखुरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, पण तोवर वाचवायला काही उरलं नव्हतं. नाव सोडावं लागलेले भाऊ मात्र सुटले.

ही नुसती नशिबाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. भांडण झालं ते नफा कसा वाटायचा आणि कोणी कुठलं काम करायचं यावरून. आपल्या ग्रुपमध्ये तरी दुसरं काय होणार आहे? कागद लिहिलाच नाही तर कायदा स्वतःचं गणित लावतो, सगळ्यांना सारखा वाटा. रात्रभर जागून स्टॅड करणाऱ्याला तेवढाच आणि फक्त फेस्टला ब्लेझर घालून फिरणाऱ्यालाही तेवढाच!

मॅकिन्झीने वेगळी वाट धरली. १९५६ मध्ये पार्टनरशिपची कंपनी केली, पण शेअर आतल्याच लोकांकडे ठेवले. फर्म मोठी करणारे मार्व्हिन बॉवर १९६३ मध्ये साठीचे झाले, तेव्हा त्यांनी आपले शेअर वहीतल्या किमतीलाच फर्मला परत विकले. जाणाऱ्याने काय न्यायचं, याचं इतकं स्वच्छ उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, इन्फोसिसचं काय? १९८१ मध्ये सात जणांनी १० हजार रुपयांवर पुण्यात काढली, ती 'इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड' याच नावाने. मान्य! पण त्यांचा धंदा सॉफ्टवेअरचा झाला, वाढायला भांडवल लागलं आणि १९९३ मध्ये ते शेअर बाजारात गेले. बाहेरच्याचा पैसा घ्यायचा असेल तर शेअर हवेत, म्हणजे कंपनी हवी. आपण चौघं सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करणार. कोण गुंतवणूकदार रांग लावून उभा आहे? कंपनीला धंदा शून्य असला तरी दर वर्षी ऑडिट करून घ्यावंच लागतं. शिवाय वेगळा करार नसेल तर सोडून गेलेला मित्र न्यू जर्सीत बसूनही शेअरहोल्डर राहतो.

म्हणून माझं मत एल.एल.पी.ला, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीला. कायदा २००८ चा, लागू २००९ पासून. दोन जणांतही निघते. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या पार्टनरच्या चुकीसाठी तुमच्या घरादाराला हात लागत नाही. स्वतःच्या चुकीतून मात्र सुटका नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. खोटं ऑडिट सही करून देणाऱ्याने 'लिमिटेड'च्या मागे लपायचं म्हणजे फारच झालं. अर्थात अमेरिकेत आर्थर अँडरसनही एल.एल.पी.च होती. एकदा नाव गेल्यावर कायद्याचा तो आडोसा फर्मला उपयोगी पडला नाही.

आमच्या ग्रुपसाठी मी तीन कलमं लिहून काढली आहेत. ज्याने तपासलं त्यानेच सही करायची. वाटा कामाच्या तासांवर, दर वर्षी नव्याने ठरवायचा. आणि पहिल्या तीन वर्षांत जो जाईल त्याने घातलेले पैसे परत घ्यायचे, नाव आणि क्लायंट इथेच ठेवायचे. पहिल्या दोनांवर सगळे हो म्हणाले. तिसऱ्यावर दोघं गप्प आहेत, आणि त्या दोघांचीही जी.आर.ई.ची तारीख ठरलेली आहे.