भूतनृत्य असंबद्ध नव्हे

संपादक महाशयांस,


सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’ या १९६९ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटास पोरखेळ ठरवून त्यातील भूतनृत्य कथानकातून वगळण्याची जी शिफारस आपल्या गतांकातील पत्रलेखकांनी केली आहे, तिला माझी सक्त हरकत आहे. राजे, रयत, गोरे साहेब आणि स्थूलदेही असामी अशा चार वर्गांच्या भुतांना मृदंगम्, खंजिरी, घटम् आणि मोरचंग या दाक्षिणात्य वाद्यांचे स्वतंत्र बोल देऊन, स्वरांचा आश्रय न घेता केवळ लयीवर जो दीर्घ प्रसंग पेलला आहे, आणि ज्यात प्रत्येक वर्ग आपसांतच झुंजून धराशायी होतो, त्यात शुंडी व हाल्ला या राज्यांमधील होऊ घातलेल्या युद्धाची स्पष्ट पूर्वसूचना आहे. छायाचित्रणातील काही चमत्कार साधेच आहेत, हे मान्य. द्रव्याभावी शेवट वगळता सारा चित्रपट कृष्णधवल ठेवावा लागला, हेही खरे. परंतु त्या युद्धास निघालेल्या हाल्लाच्या उपाशी फौजेसमोर आकाशातून मिठाईच्या हंड्या उतरताच सैनिक शस्त्रे टाकून धावतात, तेव्हा भुकेचा आणि युद्धाचा संबंध इतक्या निर्मळपणे दाखविणाऱ्या कृतीस पोरखेळ म्हणणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. पत्रलेखकांनी हे दोन प्रसंग एकापाठोपाठ पुन्हा अवलोकावेत, अशी नम्र विनंती आहे.

कळावे,
आपला एक वाचक