मागल्या तारखेची शिक्षा

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात इंदूरचे स्थान मानाचे आहे. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला; सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही त्या संघाची भूषणे होती. त्याच मुश्ताक अलींच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेत, त्यांच्याच इंदुरात, २२ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईचा एकोणीस वर्षांचा फलंदाज पृथ्वी शॉ याच्या मूत्राचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटालीन हे बंदी असलेले द्रव्य सापडले. पुढे जे घडले ते क्रीडाप्रेमींनी विसरू नये असे आहे.

नमुना फेब्रुवारीतला, खेळाडूवर आरोप ठेवला गेला १६ जुलै रोजी, म्हणजे १४४ दिवसांनी. शिक्षा जाहीर झाली ३० जुलै रोजी. ती आठ महिन्यांची होती, पण तिचा आरंभ धरला गेला १६ मार्चपासून! दरम्यान या खेळाडूने आयपीएलचा संपूर्ण हंगाम, तब्बल सोळा सामने, खेळून काढला होता. ज्या काळात तो मैदानाबाहेर होता असे कागद सांगतो, त्याच काळात लाखो प्रेक्षकांनी त्याला डोळ्यांदेखत खेळताना पाहिले. १५ नोव्हेंबरला बंदी संपली आणि १७ नोव्हेंबरला तो त्याच मुश्ताक अली स्पर्धेत पुन्हा फलंदाजीस उतरला.

दोष या तरुणाच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही. टर्ब्युटालीन श्वासनलिका मोकळ्या करते आणि खोकल्याच्या कित्येक औषधांत ते असते. खोकला झाला म्हणून दुकानातून औषध आणून घेतले, हा त्याचा खुलासा क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केला. खेळाडूचा दोष नसताना विलंब झाला असेल व त्याने चूक तत्परतेने कबूल केली असेल, तर शिक्षा मागल्या तारखेपासून मोजण्याची सवलतही नियमांत आहे. प्रश्न आहे तो ही सवलत देणाऱ्याचा. नमुने गोळा करणारी माणसे स्वीडनमधील एका संस्थेची होती, हे खरे. परंतु आरोप ठेवणारे मंडळ, खुलासा ऐकणारे मंडळ आणि शिक्षेची तारीख ठरवणारेही मंडळच. आणि ज्या सामन्यांच्या उत्पन्नावर या मंडळाची तिजोरी भरते, त्या सामन्यांतला खेळाडू म्हणजे त्याचे भांडवल! फिर्यादी, न्यायाधीश आणि लाभार्थी एकाच घरात नांदत असतील, तर निकाल न्याय्य असला तरी तो न्याय्य वाटणार नाही.

हा प्रकार एकदाच घडला असता, तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. परंतु युसूफ पठाण याच्या नमुन्यात हेच द्रव्य मार्च २०१७ मध्ये सापडले होते. त्याची पाच महिन्यांची बंदी १४ जानेवारी २०१८ रोजी संपायची होती, आणि ती जनतेला कळली ९ जानेवारीला. शिक्षा संपता संपता जाहीर करण्याची ही तऱ्हा अजब म्हटली पाहिजे.

हा रोग केवळ आपल्या क्रिकेटचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. व्यावसायिक टेनिसने तो फार आधी अनुभवला. १९९७ मध्ये आंद्रे आगासीच्या नमुन्यात अमली द्रव्य सापडले. त्याने खेळाडूंच्या संघटनेला पत्र लिहून खोटी कहाणी सांगितली आणि संघटनेने ती स्वीकारून प्रकरण मिटवले. जगाला हे बारा वर्षांनी कळले, तेही त्याच्याच आत्मचरित्रातून. आज टेनिससाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. तरीही मार्च २०२४ मध्ये दोनदा दोषी नमुना आलेल्या यानिक सिनरची बातमी ऑगस्टपर्यंत बाहेर आली नाही. तो खेळत राहिला आणि अखेर २०२५ मध्ये तडजोडीने तीन महिन्यांची बंदी ठरली. त्याच्या शरीरात द्रव्य नकळत गेले, हे मान्य झाले आहे. तरीही जगभर कुजबूज थांबली नाही, कारण गुप्ततेच्या अंधारात निर्दोष माणूसही संशयित दिसतो.

खेळाडू कोठे आहे हे चाचणीसाठी आगाऊ कळवण्याच्या अटीला आपल्या मंडळाने २००९ मध्ये सुरक्षिततेचे व खासगी जीवनाचे कारण देऊन विरोध केला होता. पृथ्वी शॉ प्रकरणानंतर दहाच दिवसांनी, ९ ऑगस्ट २०१९ रोजी, ते राष्ट्रीय उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या कक्षेत आले. हे स्वागतार्हच झाले. पण त्याच महिन्यात दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता जागतिक संस्थेने निलंबित केली आणि ती परत मिळण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. घर बदलले, पण नव्या घराचे छप्परही गळतेच निघाले! २०२२ मध्ये कायदा झाला. २०२५ मध्ये तो दुरुस्त करून यंत्रणेच्या स्वायत्ततेची ग्वाही द्यावी लागली.

याचे महत्त्व केवळ नामवंतांपुरते नाही. २०२३ मध्ये भारतात घेतलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ सदोष निघाले. त्याच वर्षी आपल्या गोमंतभूमीत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतही वीसहून अधिक खेळाडू चाचणीत अडकले. यांतील बहुतेकांमागे ना वकील, ना वैद्य, ना बलाढ्य मंडळ. खेळातील यशावर नोकरीची आशा धरून बसलेल्या खेड्यातील मुलाला बंदी येते, तेव्हा ती मागल्या तारखेची नसते. त्याचे उमेदीचे दिवस ती खरोखरच गिळून टाकते. धनवंताला सोयीची तारीख आणि निर्धनाला पंचांग पाहून शिक्षा, असे चित्र उभे राहिले तर नियमांवरचा विश्वास उडेल.

म्हणून आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. नमुना घेतल्यापासून आरोप ठेवण्यापर्यंतच्या मुदतीवर कायद्याने बंधन असावे आणि ती मोडल्यास कारण जाहीर करावे. जो काळ खेळाडूने प्रत्यक्ष मैदानावर घालवला, तो शिक्षेत मोजू नये. विलंब यंत्रणेचा असेल, तर शिक्षा उघडपणे कमी करावी, पण खोटी मोजू नये. आणि प्रत्येक जिल्हा संघटनेत मुलांना औषधांविषयी सल्ला देणारा जाणकार वैद्य असावा, म्हणजे खोकल्याच्या बाटलीपायी कोणाची कारकीर्द डागाळणार नाही.

खेळात हार पत्करता येते, चूकही क्षम्य ठरते. परंतु निकालाच्या कागदावरची तारीख आणि मैदानावरची वस्तुस्थिती यांत अंतर पडले, की प्रेक्षकाचा विश्वास जातो. आणि तो परत मिळवण्यासाठी कोणत्याही मंडळाची तिजोरी पुरणार नाही.